पहिल्या नोकरीत ‘आपण इथे चुकून आलो’ असे वाटते तेव्हा : ग्रामीण विदर्भातील नवोदितांसाठी

हा लेख ज्यांच्यासाठी लिहिला आहे, ते बहुधा आपल्या घरातील पहिले पगारदार असतात. मेळघाटातील कोरकू घरातून प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेली परिचारिका, यवतमाळ जिल्ह्यातील तांड्यावरून बँकेच्या शाखेत आलेला बंजारा अधिकारी, भामरागडकडचा माडिया शिक्षक, खेड्यातील बौद्ध वस्तीतून निघून नागपूर-पुण्याच्या संगणक कंपनीत पोहोचलेली अभियंता, तालुक्याच्या कचेरीत आपल्या समाजाचा एकटाच असलेला मुस्लिम लिपिक, अशी ही मंडळी आहेत. परीक्षा झाली, मुलाखत झाली, नेमणूकपत्र हातात आले, तरी एक दिवस कोणीतरी टेबलाशी येऊन ‘तुमची निवड चुकून झाली होती’ असे सांगेल, ही धास्ती त्यांच्या मनातून लवकर जात नाही.

या अवस्थेचे पहिले व्यवस्थित वर्णन १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी केले. कर्तबगार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक स्त्रिया आपले यश नशिबाच्या, ओळखीच्या किंवा परीक्षकाच्या चुकीच्या खात्यावर टाकतात आणि आपले खरे रूप उघडे पडेल या भीतीत राहतात, असे त्यांना आढळले. पुढे यालाच इम्पोस्टर सिंड्रोम म्हणण्याचा प्रघात पडला. हा मान्यताप्राप्त मानसिक आजार नाही, एक अनुभव आहे. मात्र त्या अभ्यासातील स्त्रिया प्रामुख्याने गोऱ्या, मध्यम व वरच्या वर्गातील होत्या, ही गोष्ट आपल्याकडे सहसा सांगितली जात नाही. विदर्भातील आदिवासी, दलित, भटक्या किंवा अल्पसंख्याक समाजातील नवोदिताच्या बाबतीत ‘तू इथला नाहीस’ असे मन म्हणतेच, शिवाय शेजारच्या टेबलावरचा माणूसही अधूनमधून तेच सुचवतो. त्यामुळे ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ एवढा एकच उपाय सांगणारी व्याख्याने त्याच्या फारशी कामाची नसतात. कोणती शंका मनाची आहे आणि कोणती बाहेरून आणून ठेवलेली आहे, हे आधी ओळखावे लागते.

पायरी पहिली : घटना आणि निष्कर्ष वेगळे लिहा

एक साधी वही घ्या आणि पान उभे दुमडा. डाव्या बाजूला घडलेली घटना जशीच्या तशी लिहा आणि उजव्या बाजूला त्यावरून आपण स्वतःबद्दल काय ठरवले ते लिहा. समजा, डावीकडे ‘आढावा बैठकीत साहेबांनी माझा अहवाल परत केला’ असे आहे आणि उजवीकडे ‘मी या पदाच्या लायकीचा नाही’ असे आहे. आता दोन प्रश्न विचारा. अहवाल आणखी कोणाचा परत आला का? आणि परत करताना नेमके कोणते शब्द वापरले गेले?

अहवालाचा नमुना बदलल्यामुळे निम्म्या तालुक्याचे अहवाल परत आले असतील, तर उजवीकडचे वाक्य तुमच्या मनाने एकट्याने रचलेले आहे आणि ते खोडून टाकण्यास हरकत नाही. अहवालातील बेरीज गावनिहाय तक्त्याशी जुळत नसेल, तर ती कामातील उणीव आहे; ती शिकून भरून निघते आणि तिचा लायकीशी संबंध नाही. पण परत करताना ‘तुमच्या लोकांना आकडेमोड कुठून जमायची’ असे म्हटले गेले असेल, तर तो अपमान आहे. त्याला न्यूनगंड समजून स्वतःवरच उपचार करत बसणे हा स्वतःवर दुहेरी अन्याय ठरतो. एकाच घटनेच्या पोटात या तीन गोष्टी असू शकतात आणि तिन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून ही वर्गवारी टाळून पुढे जाऊ नये.

वर्गवारी करताना दोन्ही बाजूंनी सावध राहावे लागते. प्रत्येक कठोर शब्द जातीवरून किंवा धर्मावरूनच आला असे नसते. आपल्याकडची आढावा बैठक ही मुळातच समोरच्या माणसाला लहान करण्याची रीत होऊन बसली आहे आणि काही साहेब सर्वांनाच समान न्यायाने झापतात. उलट बाजूने, योग्यता कितीही मोठी असली तरी अपमान होऊ शकतो, हेही विसरता येत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडून परतावे लागले. त्या प्रसंगात उणीव कोणाची होती, याबद्दल आज कोणाच्या मनात शंका नाही. स्वतःच्या वहीतील नोंद वाचताना तीच कसोटी वापरावी.

पायरी दुसरी : निवडीबद्दलची शंका मुळातून तपासा

आरक्षित जागेवर निवड झालेल्यांच्या मनात सर्वांत खोल रुतलेली शंका हीच असते, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत अनुसूचित जातींसाठी १३, अनुसूचित जमातींसाठी ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी एकूण ११, विशेष मागास प्रवर्गासाठी २ आणि इतर मागासवर्गासाठी १९ टक्के जागा राखीव आहेत. या जागांवर येणाऱ्याने तीच प्रश्नपत्रिका सोडवलेली असते, रुजू झाल्यावर तोच परिविक्षा कालावधी (नोकरीतील सुरुवातीचा चाचणीचा काळ) त्याला पूर्ण करावा लागतो आणि काम मोजण्याची पट्टीही तीच असते. गुणवत्ता यादीची सीमारेषा काही गुणांनी खाली असते, एवढा फरक. आणि तो फरक शिकवणी वर्गाला पैसे नसणे, दहावीपर्यंत घरात वीज किंवा टेबल नसणे, शाळेची भाषा आणि घरची भाषा वेगळी असणे, अशा अंतराच्या मानाने फार लहान आहे. सर्वोच्च न्यायालयानेही वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतील आरक्षणाच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये हेच सांगितले, की स्पर्धा परीक्षेतील गुण माणसाची संपूर्ण गुणवत्ता दाखवत नाहीत आणि गुणवत्तेकडे सामाजिक संदर्भासह पाहावे लागते.

‘कोट्यातले आले की काम घसरते’ हे वाक्य कचेरीत कधी ना कधी कानावर पडतेच, म्हणून त्याचे उत्तरही माहीत असावे. अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातील विभागवार आकडेवारीचा अभ्यास केला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटली, असा कोणताही पुरावा त्यांना मिळाला नाही; वरिष्ठ श्रेणींमधील काही पदांबाबत तर परिणाम अनुकूल दिसला. हा अभ्यास भांडणासाठी वापरू नये, स्वतःच्या मनाशी बोलताना वापरावा.

आणखी एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. आपण खोटे ठरू ही भीती ज्याला छळते, त्या राखीव प्रवर्गातील उमेदवाराइतकी कागदोपत्री तपासणी कचेरीतील दुसऱ्या क्वचितच कोणाची झालेली असते. जात वैधता प्रमाणपत्रासाठी त्याने आजोबा-पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून कोतवाल बुकातील (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतील) नोंदीपर्यंतची कागदपत्रे शोधलेली असतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो, प्रसंगी दक्षता पथक गावात येऊन चौकशी करते आणि जमातीच्या बाबतीत चालीरीती व बोलीविषयीही विचारणा होते. इतके सोसून रुजू झालेल्या माणसाने स्वतःला तोतया समजावे, याला कसलाच आधार नाही.

मग सर्व माहीत असूनही बैठकीत जीभ का अडखळते? जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भूलभुलैये सोडवायला दिले होते. जात जाहीर केलेली नसताना दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत विशेष फरक नव्हता. सर्वांसमोर नावासोबत जात पुकारल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी घसरली. कौशल्य तसेच, मुले तशीच, बदलला तो फक्त भोवतालचा संकेत. त्यामुळे ज्या खोलीत तुमची ओळख आधी पुकारली जाते आणि काम नंतर पाहिले जाते, तेथे अडखळणे स्वाभाविक आहे, आणि तेथे जाताना तयारी थोडी जास्त ठेवावी लागते. ती तयारी कशी करावी, हे पुढे येते.

ज्यांना आरक्षण लागू नाही अशा अल्पसंख्याकांना वेगळाच अनुभव येतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवण्यात आले होते आणि केवळ नाव दलित किंवा मुस्लिम असल्याने प्रतिसादाची शक्यता कमी झालेली आढळली. अशा नावाने ज्याला नोकरी मिळाली, तो इतरांपेक्षा एक जास्तीची चाळणी ओलांडून आलेला आहे.

पायरी तिसरी : पहिले तीन महिने कामाचे कसब शिकण्यात घालवा

आत्मविश्वास आधी आणि काम नंतर, हा क्रम बहुतेकांच्या बाबतीत उलटा चालतो. काम हाताला बसू लागले की आत्मविश्वास मागाहून येतो. ज्यांच्या घरात दोन पिढ्या नोकरी आहे, त्यांना टिपणी कशी मांडतात, नस्ती (कचेरीतील फाइल) कोणत्या क्रमाने वर जाते, साहेबांच्या सहीसाठी कोणत्या वेळी जायचे, किरकोळ रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा, हे जेवताना बोलता बोलता कळलेले असते. तुम्हाला ते कोणी सांगितलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते दोन-चार महिन्यांत शिकता येते.

पहिल्या आठवड्यात आपल्या टेबलाच्या मागील वर्षाच्या पाच-सहा निकाली नस्ती मागून घ्याव्यात आणि पहिल्या पानापासून वाचाव्यात; हजार सूचनांपेक्षा यातून जास्त कळते. आपल्या कामाला लागू असलेले शासन निर्णय, परिपत्रके किंवा कंपनीचे नियम एका जागी जमवावेत. आवक-जावक नोंदवही समजून घ्यावी. सेवापुस्तक उघडले गेले का आणि त्यात जन्मतारीख, जात प्रवर्ग व रुजू झाल्याची तारीख बरोबर आहे का, हे स्वतः पाहावे, कारण तेथील चूक दहा वर्षांनी निस्तरणे फार कठीण जाते.

प्रश्न विचारण्याचा संकोच सर्वांनाच असतो, पण अल्पसंख्याक माणसाला आपला प्रश्न आपल्या साऱ्या समाजाचे अज्ञान ठरेल अशी भीती असते. त्यावर माझ्या पाहण्यातील सर्वांत कामाची युक्ती अशी, की प्रश्न कधी रिकाम्या हाताने नेऊ नये. ‘मॅडम, हे कसे करायचे?’ असे विचारण्याऐवजी ‘मॅडम, मागच्या वर्षीच्या नस्तीत हे देयक असे मंजूर झाले आहे, नव्या परिपत्रकाने यात काही बदल झाला का?’ असे विचारावे. दोन्ही वाक्यांत माहितीची गरज सारखीच आहे, पण दुसऱ्या वाक्यात तुम्ही केलेला अभ्यास दिसतो. उत्तर लगेच वहीत लिहावे, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा न्यावा लागत नाही.

बैठकीला जाताना आपल्या विषयाचे तीन आकडे आणि एक अडचण कागदावर लिहून न्यावी आणि बैठकीच्या पहिल्या अर्ध्या भागातच एकदा बोलून घ्यावे. उशीर झाला की संकोच वाढत जातो आणि शेवटी बोलण्याची वेळच येत नाही. संगणकावरील तक्ते, इंग्रजी पत्र किंवा मराठी टंकलेखन यांत कमी पडत असाल तर त्याला कमीपणा न म्हणता वेळापत्रकात रोजचा अर्धा तास द्यावा.

पायरी चौथी : बोलीचा संकोच

कागदावर प्रमाण मराठी आणि बोलण्यात आपली बोली, हा व्यवहार निःसंकोच ठेवावा. ‘करून राहिलो’ म्हटल्यावर पुण्याच्या कचेरीत कोणी हसले, तर त्याला एवढे माहीत असू द्यावे की मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ठेवा महानुभावांनी तेराव्या शतकात याच वऱ्हाडात, रिद्धपूरच्या परिसरात रचला आणि आज मराठी भाषेचे विद्यापीठही तेथेच उभे राहिले आहे. टिपणी लिहिताना मात्र ‘मले’, ‘तुले’ येणार नाही याची काळजी घ्यावी. तो संकेत आहे आणि सरावाने जमतो.

कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी किंवा गोरमाटी (बंजारा बोली) येणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या आरोग्य केंद्रात बाळंतिणीशी तिच्या भाषेत बोलू शकणारी परिचारिका जे काम करते, ते दुभाष्यामार्फत तितके नीट होत नाही. पण येथे एक फसगतही असते. आदिवासी पाड्यावर जायचे असले की तुम्हालाच पाठवायचे आणि प्रशिक्षणासाठी नागपूरला जायचे असले की दुसऱ्याला, असा प्रकार वर्षभर चालू शकतो. भाषेचे हे जास्तीचे काम आनंदाने करावे, परंतु प्रत्येक वेळी ते दौरा दैनंदिनीत आणि मासिक अहवालात नोंदवावे आणि वर्षाच्या शेवटी प्रशिक्षणाची मागणी लेखी करावी.

पायरी पाचवी : केलेल्या कामाची नोंद ठेवा

ज्याला स्वतःबद्दल शंका असते, तो चुका तारखेसह लक्षात ठेवतो आणि चांगले काम आठवड्यात विसरतो. म्हणून दर शनिवारी पाच मिनिटे काढून पूर्ण झालेली कामे लिहावीत. कौतुकाचे पत्र, ग्रामसभेच्या ठरावातील उल्लेख, वरिष्ठांचा चांगला शेरा यांच्या प्रती एका फाइलमध्ये लावाव्यात.

ही फाइल वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालाच्या वेळी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. स्वयंमूल्यमापनाच्या रकान्यात आपली मुले ‘नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली’ एवढे एक वाक्य लिहून मोकळी होतात आणि वर्षभराची मेहनत कागदावर येतच नाही. त्याऐवजी ‘प्रलंबित ४० प्रकरणांपैकी ३४ निकाली काढली, दोन पाड्यांवर लसीकरणास असलेला नकार घरभेटींतून दूर केला’ असे लिहिता आले पाहिजे. याला बढाई म्हणत नाहीत, हा अहवाल आहे. कोणी शेरा प्रतिकूल लिहिला, तर तो तुम्हाला कळवला गेला पाहिजे. सरकारी सेवेतील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यास कळवणे आवश्यक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त प्रकरणात दिला आहे. त्यावर मुदतीत लेखी अभिवेदन, म्हणजे आपली बाजू मांडणारा अर्ज, द्यावे.

पायरी सहावी : टोमणा, चौकशी आणि अपमान

‘गाव कोणतं, आडनाव काय, मग कॅटेगरी कोणती?’ ही विचारपूस आपल्याकडे पहिल्याच चहाला सुरू होते. प्रत्येक वेळी लढण्याची गरज नाही आणि प्रत्येक वेळी ओशाळण्याचीही नाही. ‘सरळसेवा भरतीने आलो, भाऊ. तुम्ही कोणत्या वर्षीचे?’ एवढे शांतपणे म्हणून संभाषण पुढे न्यावे. ‘तुम्हाला काय, सोपं असते’ असे कोणी म्हणाले, तर ‘त्या कामाची माहिती पाहिजे का, साहेब, देतो’ म्हणून कामावर यावे. हसून साथ देणे मात्र टाळावे, कारण पहिल्या महिन्यात दिलेली साथ पुढे संमती धरली जाते.

टोमणा वारंवार होऊ लागला, किंवा जातीचा उल्लेख करून अपमान झाला, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. स्त्री कर्मचाऱ्याचा लैंगिक छळ झाल्यास, दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, तक्रार साधारणतः तीन महिन्यांत द्यावी लागते, आणि लहान कार्यालयांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. कोणताही अर्ज तोंडी न देता लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय तेथून हलू नये. वकिलाचा खर्च हे गप्प बसण्याचे कारण होऊ नये, कारण अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत सल्ला व वकील मिळू शकतो. तक्रार करावी की नाही, हा निर्णय मात्र घाईने घेऊ नये आणि शक्यतो एकट्यानेही घेऊ नये.

पायरी सातवी : सोबत शोधा

आपल्याच समाजातील एखादा ज्येष्ठ कर्मचारी तालुक्यात किंवा जिल्ह्यात असतो. त्याच्याशी महिन्यातून एकदा बोलावे. पण मार्गदर्शक आपल्याच जातीचा असावा असा हट्ट धरू नये, कारण काम उत्तम शिकवणारा आणि मनाने स्वच्छ असा माणूस कोणत्याही टेबलावर भेटू शकतो. कर्मचारी संघटनेचे सदस्यत्व घ्यावे.

गावाकडची बाजूही सांभाळावी लागते. गावाला वाटते पोरगा साहेब झाला, त्यामुळे पेरणीपासून लग्नापर्यंतचा खर्च त्याच्याकडे वळतो आणि नोकरीतील भीती घरी सांगता येत नाही. आई-वडिलांना निदान एवढे सांगावे, की काम नवे आहे आणि शिकायला वर्षभर लागेल. पैशाची रक्कम दरमहा ठरवून पाठवावी.

ताण वाढल्यास

दोन-तीन आठवडे झोप उडाली, जेवण जाईना, कामावर जाण्याच्या विचारानेच सकाळी छातीत धडधड होऊ लागली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर वही आणि युक्त्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, तेथे दिवसरात्र मराठीतही बोलता येते, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. उपचारासाठी रजा लागल्यास राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजेच्या बदल्यात मिळणारी पूर्ण पगाराची रजा) मिळू शकते. परिविक्षा कालावधीत असताना आपल्याला कोणती रजा लागू आहे, हे आस्थापना शाखेत आधी विचारून घ्यावे आणि अर्ज लेखीच द्यावा.